'लपाछपी' वाचनमंडळात दाखवावा का? कोल्हापूर परिसरातील प्रेक्षकांची मते हवी आहेत

राजारामपुरी_वाचनमंडळ

सर्वांना नमस्कार.

आमच्या वाचनमंडळात अधूनमधून एखादा चित्रपट एकत्र पाहून त्यावर चर्चा करण्याचा प्रघात आहे. मंडळातील बहुतेक सदस्य स्त्रिया आहेत. काही शहरातील, तर काही करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील गावांतून येणाऱ्या. पुढच्या वेळी विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' हा २०१७ चा मराठी भयपट दाखवावा असे मी सुचवले आणि त्यावरून मतभेद झाले. भुताखेतांचा चित्रपट आपल्या मंडळाला शोभत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा असल्यामुळे तो अवश्य दाखवावा, चित्रपट म्हणून तो कसा आहे हा प्रश्न गौण आहे, असे इतरांना वाटते. मला या दोन्ही भूमिका पटत नाहीत. केवळ विषयासाठी दोन तास बसायचे असेल तर त्यापेक्षा एखादे चांगले व्याख्यान ठेवलेले बरे. भयपट दाखवायचा तर तो भयपट म्हणून स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते; शेवट उघड करणार नाही. कर्ज देणाऱ्यांचा ससेमिरा चुकवण्यासाठी तुषार आपल्या गरोदर पत्नीला, नेहाला, घेऊन ड्रायव्हर भाऊरावांच्या गावाकडील घरी येतो. घर उसाच्या मधोमध आहे. तेथे भाऊरावांची पत्नी तुळसाबाई नेहाची काळजी घेऊ लागते, आणि हळूहळू नेहाला त्या घराभोवती वावरणारी मुले आणि एक स्त्री दिसू लागते. नेहा पूजा सावंत यांनी साकारली आहे, तुळसाबाई उषा नाईक यांनी.

माझे मत असे की मोजक्या पात्रांत, एका घरात आणि एका शेतात चित्रपट बांधल्यामुळे त्याच्या हाती पैसा कमी असल्याचा तोटा फारसा जाणवत नाही. उलट पूर्वार्धात ती मर्यादाच कामी येते. पडद्यावर माणसे कमी, आवाज कमी, आणि जिकडे पाहावे तिकडे उसाची हिरवी भिंत. उत्तरार्धात मात्र जे आपल्याला आधीच उमगले आहे ते पात्रांच्या तोंडून पुन्हा सांगितले जाते, आणि त्या ठिकाणी भीती उतरते असे मला वाटते. ज्यांनी हा चित्रपट काळजीपूर्वक पाहिला आहे त्यांना माझे विचारणे असे: तो तुम्हाला खरोखर भयावह वाटला का, वाटला असल्यास कशामुळे, आणि गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया प्रेक्षकांत असतील तर तो दाखवणे योग्य ठरेल का? पाहिला नसताना केवळ विषयावरून मत देऊ नये, ही विनंती.

शिरोळ_ऊसउत्पादक

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी ऊस लावणारा माणूस म्हणून देतो, कारण या चित्रपटातील सर्वांत मोठे पात्र माझ्या मते ऊसच आहे.

शहरातील प्रेक्षकाला ऊस रस्त्यावरून जाताना दिसतो. तो आतून कसा असतो हे त्याला ठाऊक नसते. जुलै-ऑगस्टमध्ये केलेली आडसाली लागण तोडणीला येईपर्यंत सोळा ते अठरा महिने शेतात उभी असते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर गेलेली असते, काही ठिकाणी लोळलेली असते, आणि एका सरीतून पलीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीपुढचे काही दिसत नाही. वर वारा असतो, पाला सळसळत असतो, पण तो वारा खाली पोहोचत नाही. आत उकडते. पानांच्या कडा हात-तोंड कापतात, उसावरची बारीक टोचरी कूस अंगाला लागून खाज सुटते. खाली पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पडलेले असते, त्यामुळे पाऊल टाकले की आवाज होतो आणि तो आवाज आपला की दुसऱ्याचा हे लगेच कळत नाही. हाक मारली तर उत्तर कोणत्या दिशेने आले याचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. अशा पिकात दिवस भरत आलेली बाई धावते आहे हे पडद्यावर पाहताना मला भूत दिसण्याची गरजच वाटली नाही. ती ज्या प्रकारे थांबते, कानोसा घेते, पुन्हा त्याच जागी येते, ते सर्व मला खरे वाटले.

आमच्याकडे उसाची भीती ही काही गोष्टीतली भीती नाही. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते आणि ज्या आठवड्यात ती रात्री येते त्या आठवड्यात पाणी पाजण्यासाठी मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जावे लागते. साप असतो, रानडुक्कर असते, राधानगरी-भुदरगडच्या बाजूला गवा उसात शिरतो, आणि अलीकडे बिबट्याच्या बातम्या आपल्या सर्वांच्या कानावर येतात. शेतीला दिवसा वीज द्या या मागणीसाठी या जिल्ह्यात आंदोलने झाली त्यामागे ही भीतीही होती. या चित्रपटाने ती नेमकी हेरली आहे, पण ती रात्रीपेक्षा भर दुपारी वापरली आहे, आणि मला ते अधिक धाडसाचे वाटते. दुपारी बारा-एकच्या सुमारास शेतात माणूस नसतो, सगळे सावलीला गेलेले असतात; त्या वेळच्या सुनसानपणाविषयी जुनी माणसे लेकरांना बजावत असत हे आपल्याला माहीत असेलच.

माझी एक तक्रार आहे. चित्रपटातील शेतात कामाची माणसे जवळजवळ दिसत नाहीत. उसाच्या गावात भांगलण, म्हणजे तण काढणे, असते, खत टाकणे असते, पाणी पाजणारा असतो, हंगामात तोडणीच्या टोळ्या आणि त्यांच्या खोपी असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात असतात. एवढा मोठा फड आणि त्यात चिटपाखरू नाही, ही गोष्ट कथेच्या सोयीची आहे, गावाची नाही. खर्च वाचवण्यासाठी माणसे कमी ठेवली असतील तर मी ते समजू शकतो, पण निदान लांबून एखाद्या ट्रॅक्टरचा आवाज तरी ठेवायला हवा होता. मदत इतकी जवळ आहे आणि तरी मिळत नाही, हे अधिक भयंकर झाले असते.

ध्वनी_मंगळवारपेठ

मी लहान चित्रपटांसाठी आणि माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे माझे लक्ष प्रथम कानाकडे जाते. शिरोळच्या दादांनी ट्रॅक्टरच्या आवाजाविषयी जे लिहिले आहे ते अगदी मर्मावर बोट ठेवणारे आहे.

कमी खर्चाच्या भयपटाला एक जुना मार्ग उपलब्ध असतो: दाखवणे महाग असते, ऐकवणे स्वस्त असते, आणि प्रेक्षक जे ऐकतो त्याचे चित्र तो स्वतःच्या मनातून काढतो. १९४२ मध्ये आर.के.ओ. या अमेरिकन चित्रसंस्थेसाठी निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टर्नर यांनी 'कॅट पीपल' हा चित्रपट दीड लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात केला. त्यात रात्री एकटी चालणारी स्त्री आहे, मागून येणाऱ्या पावलांचा आवाज आहे, मग तो आवाज बंद होतो, आणि ज्या क्षणी श्वापद झेप घेईल असे वाटते त्या क्षणी शेजारी बस येऊन थांबते व तिच्या ब्रेकचा फुत्कार ऐकू येतो. श्वापद दिसतच नाही. ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्या राहत्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित केला, तो २००७ मध्ये प्रथम दाखवला गेला, आणि त्यातही कॅमेरा एका जागी ठेवून प्रेक्षकाला रिकाम्या खोलीकडे पाहत बसायला लावले आहे. रिकामी जागा बराच वेळ दाखवली की प्रेक्षक तिच्यात काहीतरी शोधू लागतो. या शोधण्याला पैसे पडत नाहीत, संयम लागतो.

'लपाछपी'त हा संयम पूर्वार्धात पुष्कळ ठिकाणी आहे. उसाची चौकट स्थिर ठेवली आहे, नेहाचा श्वास जवळून ऐकू येतो, बाकी सर्व लांब आहे. मुलांचा खेळ चाललेला असताना खेळाचा आनंद आणि धोका एकाच आवाजात मिसळतो, आणि त्या ठिकाणी मी खरोखर अस्वस्थ झालो. पण ज्या दृश्यांत एकदम मोठा वाद्यांचा आघात देऊन दचकवले आहे त्या दृश्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. दचकणे आणि घाबरणे यांत फरक आहे. दचकलेला प्रेक्षक पुढच्याच क्षणी सैल होतो, शेजारच्याकडे पाहून हसतो, आणि दिग्दर्शकाने इतका वेळ साठवलेला ताण वाया जातो. पैसा कमी असताना ही उधळपट्टी तर अजिबात परवडत नाही.

कोल्हापूरच्या संदर्भात एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर काम करून १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला, आणि त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने ते काढून टाकायला लावले. म्हणजे अपुऱ्या साधनांत प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणण्याची कला आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि पेंटरांनी ती दाखवण्याच्या मार्गाने साधली होती, लपवण्याच्या नव्हे. तेव्हा न दाखवणे हाच एकमेव उत्तम मार्ग आहे असा नियम मी करणार नाही. जे दाखवायचे ते हाताच्या कौशल्याने पक्के दाखवता आले पाहिजे, आणि 'लपाछपी'तील भूत पूर्ण उजेडात येते तेव्हा रंगभूषा तेवढी पक्की राहत नाही, असे मला वाटले.

आपल्या मंडळासाठी दोन सूचना. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हा चित्रपट दाखवू नका. त्यात खालचे स्वर जवळजवळ नाहीसे होतात आणि आघात तेवढे कर्कश ऐकू येतात. शिवाय मंडळात दाखवणे हे घरी पाहण्यासारखे नसते, ते सार्वजनिक प्रदर्शन ठरू शकते, म्हणून निर्मात्यांकडे लेखी परवानगी आधी मागावी.

रंकाळा_प्रेक्षक

मला थोडा विरोधी सूर लावावा लागत आहे. मी भयपट आवडीने पाहतो आणि 'लपाछपी'विषयीची वाहवा मला प्रमाणाबाहेर वाटते. मराठीत भयपट फार थोडे होतात, त्यामुळे जो बऱ्यापैकी जमतो त्याला आपण डोक्यावर घेतो. पूर्वार्धात एकच प्रसंग थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येतो: नेहाला काही दिसते, ती कोणाला सांगते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तिसऱ्या वेळेनंतर माझे लक्ष घड्याळाकडे गेले.

याच दिग्दर्शकाने हीच कथा हिंदीत 'छोरी' या नावाने पुन्हा केली आणि ती नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर आली. नुसरत भरुचा आणि मीता वसिष्ठ यांचा तो चित्रपट तांत्रिक बाजूने मला अधिक सफाईदार वाटला. प्रकाश, छायाचित्रण, ऊस वरून दाखवण्याची पद्धत, सर्वच बाबतींत हात सुटलेला दिसतो. मंडळात प्रथमच भयपट दाखवायचा असेल तर जो अधिक नेटका आहे तो का दाखवू नये? भाषा हिंदी असली म्हणून कोल्हापूरच्या प्रेक्षकांना अडचण येईल असे वाटत नाही. पूजा सावंत यांच्या अभिनयाविषयी मात्र माझे दुमत नाही; चित्रपट एकटीने खांद्यावर वाहून नेला आहे.

निवृत्त_आरोग्यसेविका

रंकाळ्याच्या दादांनी सफाईचा मुद्दा मांडला, तो मान्य करूनही मी 'लपाछपी'च्या बाजूने लिहीत आहे. ही कथा आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांना दाखवायची असेल तर तुळसाबाईंचे मराठी बोलणे ऐकूनच त्यांना ती ओळखीची वाटेल. तुळसाबाई ज्या मायेने नेहाशी बोलतात ती माया मी नोकरीत असताना फार जवळून पाहिली आहे. तपासणीला सुनेला घेऊन येणारी सासू सुनेचा हात धरून यायची, तिच्यासाठी डबा आणायची, तिची पाठ चोळायची, आणि त्याच दमात आमच्याकडे वळून हळूच विचारायची की काही कळेल का. काय कळायला हवे आहे हे तिला उच्चारावे लागत नसे. उषा नाईक यांनी ही माया आणि तो प्रश्न एकाच चेहऱ्यावर ठेवला आहे. हिंदीतील कलावंत थोर आहेत, पण तो चेहरा आपल्या घरातला वाटत नाही.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नसेल अशा तरुण वाचकांसाठी लिहिते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. हे प्रमाण राज्यातील अत्यंत वाईट प्रमाणांपैकी होते. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. म्हणजे कायदा होता, दवाखाने होते, शिक्षण होते, आणि तरीही मुली नाहीशा होत होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कार्यकाळात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडण्यात आले. तपासणीच्या वेळी यंत्रावर दिसणारी चित्रे त्यात नोंदली जात. त्याला डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय उचलून धरला. देशातील हा पहिला प्रयोग आपल्या जिल्ह्यात करावा लागला याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला आजही ठरवता येत नाही.

'लपाछपी' जुलै २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी मार्च महिन्यात शेजारच्या सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला, आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. ज्यांनी ती बातमी वाचली होती त्यांनी चार महिन्यांनी हा चित्रपट कसा पाहिला असेल याची कल्पना करा. पडद्यावरची मुले मला भुते वाटलीच नाहीत. त्यांना भूत म्हणून पाहण्यापेक्षा संख्या म्हणून विसरणे अधिक भयानक आहे, आणि आपण नेमके तेच केले.

येथे मात्र चित्रपटाविषयी माझा गंभीर आक्षेप आहे. त्याने हे पाप एका आडबाजूच्या घरात, जुन्या समजुतींच्या माणसांच्या पदरात नेऊन ठेवले आहे. शहरातील प्रेक्षक चित्रपट पाहून उठतो तेव्हा त्याला वाटते की हे खेड्यातल्या अडाणी लोकांचे काम. वस्तुस्थिती वेगळी होती. मुली ज्या भागांत सर्वाधिक घटल्या ते भाग मागास नव्हते. ऊस, पाणी, कारखाना, सहकारी बँक आणि चांगले रस्ते असलेले होते. बागायती जमीन वाटली जाऊ नये म्हणून एकच मुलगा हवा, लग्नाचा खर्च नको, आणि सोनोग्राफीचे पैसे द्यायची ऐपत आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या. गरिबीने जे केले नाही ते सुबत्तेने केले. म्हणून उसात घडणारी ही गोष्ट दिग्दर्शकाने कदाचित वातावरणासाठी निवडली असेल, पण कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ऊस दिसला की त्याने रान समजू नये, पैसा समजावा. चर्चेत हा मुद्दा कोणीतरी अवश्य मांडावा, नाहीतर सगळा दोष तुळसाबाईंवर टाकून आपण मोकळे होऊ. शेवट मी उघड करत नाही, पण पाहताना सर्वांनी तुषारकडेही लक्ष ठेवावे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. गरोदर स्त्रीने भीतिदायक काही पाहिले की बाळावर परिणाम होतो, ही समजूत मनातून काढून टाका. या कारणासाठी कोणालाही अडवू नका. पण ज्यांचा गर्भ आपोआप पडला आहे, ज्यांना कधी काळी घरच्यांच्या दबावाखाली गर्भ पाडावा लागला आहे, अशा स्त्रिया प्रत्येक बैठकीत असतात आणि त्या ते सांगत नाहीत. त्यांच्यासाठी निमंत्रणातच विषय स्पष्ट लिहावा, म्हणजे यायचे की नाही हे त्या स्वतः ठरवतील. चित्रपट चालू असताना कोणी उठून गेली तर कारण विचारू नये. दाराजवळ एखादी समजूतदार बाई बसलेली असावी.

भुदरगड_विवेक

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, त्यामुळे भुताचा चित्रपट मंडळाला शोभत नाही या आक्षेपाला उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. राज्यात २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा भुताची गोष्ट सांगण्याला बंदी करत नाही. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणे, मारहाण करणे, चटके देणे यांना तो गुन्हा ठरवतो. गोष्ट आणि फसवणूक यांतील ही सीमारेषा आम्ही गावोगावी समजावून सांगतो. प्रेक्षकाला ठाऊक असते की पडद्यावरची बाई अभिनेत्री आहे. बुवाच्या समोर बसलेल्या माणसाला तसे काही ठाऊक नसते.

तरीही माझी एक अडचण आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. आपल्याकडे जी स्त्री बाळंतपणात किंवा छळाने मरते तिलाच पुढे हडळ म्हणण्याची रीत आहे. म्हणजे जिवंतपणी जिच्यावर अन्याय केला, मेल्यावर तिचीच भीती बाळगायची आणि तिच्याच नावाने दुसऱ्या बायकांना धाकात ठेवायचे. 'लपाछपी' या रीतीच्या विरोधात जातो की तिच्याच आधाराने उभा राहतो? माझ्या मते शेवटापर्यंत पाहिले तर तो विरोधात जातो, कारण भीतीचे मूळ मेलेल्या बाईत नसून जिवंत माणसांत आहे हे तो दाखवतो. परंतु अर्ध्यातून उठणाऱ्याच्या मनात केवळ हडळ राहील. म्हणून मध्यंतरात चहापानासाठी वेळ घालवू नये आणि चित्रपट सलग दाखवावा. ताई, आपण म्हणता की उत्तरार्धातील बोलून सांगणे अधिक झाले; कलेच्या दृष्टीने ते खरे असेल, पण आमच्या भागातील प्रेक्षकांसमोर ते सांगणे मला आवश्यक वाटते.

राजारामपुरी_वाचनमंडळ

सर्वांचे मनापासून आभार. आता मंडळापुढे ठेवायला माझ्याकडे ठाम काही आहे.

भुदरगडच्या दादांशी एका बाबतीत मी सहमत होऊ शकत नाही. गावातील प्रेक्षकांना बोलून सांगितल्याशिवाय कळणार नाही, असे मला वाटत नाही. आमच्या मंडळात हातकणंगल्याहून येणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत त्या न सांगितलेले आमच्यापेक्षा लवकर ओळखतात, कारण घरात पुष्कळ गोष्टी न बोलता समजून घेण्याची त्यांना सवय आहे. जे त्यांना नेहाच्या चेहऱ्यावरून कळते तेच पुन्हा संवादातून ऐकवले की आपल्या समजुतीवर दिग्दर्शकाचा भरवसा नाही असे त्यांना वाटते. सलग दाखवण्याची आपली सूचना मात्र मी स्वीकारते.

'छोरी'विषयी मी विचार केला, पण आरोग्यसेविका ताईंनी तुळसाबाईंच्या भाषेविषयी जे लिहिले आहे त्यानंतर माझा निर्णय 'लपाछपी'कडेच झुकतो. निमंत्रणात विषय स्पष्ट लिहू, परवानगीसाठी निर्मात्यांना पत्र पाठवू आणि स्पीकर भाड्याने आणू. ताई, चर्चेची सुरुवात आपण करावी, जनगणनेच्या आकड्यापासून आणि ऊस म्हणजे पैसा या मुद्द्यापासून. आणि शिरोळच्या दादांना विनंती आहे की त्यांनीही यावे. उसाच्या आत काय असते हे आमच्यातील कित्येकींना माहीत नाही.

शिरोळ_ऊसउत्पादक

निमंत्रणाबद्दल आभारी आहे. मी येईन, फक्त तारीख ठरवताना आम्हाला दिवसा वीज असलेला आठवडा पाहावा, म्हणजे संध्याकाळी मोकळा होता येईल. आरोग्यसेविका ताईंचा मुद्दा वाचून मी घरात बोललो. जमीन वाटली जाऊ नये हे कारण त्यांनी लिहिले आहे ते आमच्या भावकीत मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, आणि त्याविषयी पुरुषांनीच बोलायला हवे असे माझ्या पत्नीचे म्हणणे पडले. बैठक फक्त स्त्रियांची न ठेवता घरातील पुरुषांनाही बोलवावे, असे ती सुचवते. माझ्यासोबत माझे दोन चुलत भाऊ यायला तयार आहेत. मंडळाची हरकत नसेल तर कळवावे.